घरच्या गोष्टीची हजेरी

यंदा डुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. हरबरा उगवून बोटभर झाला नाई तं सकाळी जाऊन पाहावं, तासंच्या तासं, ओळीच्या ओळी उकरून फेकलेली. मानसानं कंबर मोडेपर्यंत पेरावं अन् या मुडद्यांनी एका रात्रीत नाकानं नांगरून टाकावं. फटाके फोडून झाले, जुन्या साड्या बांधून झाल्या, न्हाव्याकडचे केस आनून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर टाकून झाले. डुकरं त्या केसांवरून आली, पोट भरलं अन् त्याच वाटेनं गेली. श्यामभाऊचं वावर नाल्याच्या काठाले, म्हनून पहिला तडाखा त्यालेच. त्यानं मंग वावराभोवती तार ओढली. साऱ्या गावानं पाहिली. तार तं कोनीही ओढते, त्यात काय एवढं.

त्या तारेत काय सोडलं होतं ते मात्र गावाले माहीत नव्हतं. मले कळलं ते शाळेत, चुलीपाशी, एका आठ वर्साच्या पोट्टीच्या तोंडून.

मी शकुन. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोट्ट्यांची खिचडी शिजवते अन् दुपारनंतर कापूस येचाले जाते. माहा नवरा देवराव श्यामभाऊच्या वावरात कामाले हाय. पोरगी खुशी, चौथीत. आमचं घर नाल्यापल्याडच्या घरकुलात, तिथं आमची सातच घरं. डांबरी रस्त्यानं शाळा दोन किलोमीटर, अन् श्यामभाऊच्या धुऱ्यावरून गेलं तं पाच मिनिटं. वावराच्या कडेनं पायवाट पडलेली हाय, तिलाच लागून आता तार. सांगा बरं, पोट्टे कोनत्या वाटेनं जातीन?

शाळेत ज्योत्स्ना मॅडम आली जूनमधी. बडनेऱ्याची, बाप रेल्वेत होता. अंजनगावले खोली करून राहते अन् रोज स्कुटीवर येते. तिची हजेरीच उलटी. नाव घेतलं का पोट्ट्यानं 'हजर' म्हनाचं नाई, घरची एक गोष्ट सांगाची. बकरी व्याली. आजीचा दात पडला. काल भाजीत मीठच नव्हतं. पहिल्या दिवशी मले वाटलं, ही बाई बयताड हाय, अशानं बारा वाजेपर्यंत हजेरीच पुरते. पन पंधरा दिवसांत पाहते तं काय, कोनाच्या पायात काटा पिकला, कोनाच्या मायले ताप हाय, कोन उपाशी आलं, सारं या बाईले ठाऊक. उपाशी असलेल्याकडं ती मले डोळ्यानं खुनावे अन् मी त्याच्या ताटात एक पळी जास्त टाके. कोनाले कळे नाई.

तिचा एकच नियम होता. इथं सांगतलेलं या भिंतीबाहेर जानार नाई. माही चूल खिडकीखालीच, मले सारंच ऐकू येते, म्हनून तिनं मलेही कबूल करून घेतलं होतं.

श्यामभाऊची रागिणी तिसरीत. तिची माय मागच्या उन्हाळ्यात अकोटले माहेरी गेली ते परत आलीच नाई. काहून गेली ते साऱ्या गावाले माहीत हाय, बोलत कोनी नाई. तवापासून पोट्टीचं तोंड बंद. घरीही अन् शाळेतही. मॅडम रोज तिचं नाव घे अन् थांबे. मनातल्या मनात वीस मोजावे इतका येळ थांबे, मंग "बरं, उद्या" म्हनून पुढचं नाव घे. सुट्टीत तिले घेऊन माह्यापाशी येऊन बसे अन् दोघी तांदूळ निवडत. काई इचारे नाई, लाडही करे नाई. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मुकी असन हो ती."

"मुकी नाई," मॅडम म्हने. "ती पाहून राहिली मी थांबते का नाई ते."

पाच महिने थांबली ती बाई. अन् त्या गुरुवारी पोट्टी बोलली.

मी चुलीत लाकूड सरकवत होती. रागिणीचं नाव झालं, शांतता झाली, अन् एकदम बारीक आवाज आला. "माह्या बाबानं तारेत करंट सोडला. डुकरं मरतात."

साऱ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. पोट्ट्यांले करंटचं काय घेनं-देनं, रागिणी बोलली याचंच कवतिक. मी उठून खिडकीतून पाहिलं. मॅडमही टाळ्या वाजवत होती, अन् वाजवता वाजवता तिचे हात मधीच थांबले. तिनं तोंड हसतं ठेवलं. "शाब्बास रागिणी," म्हने, "किती छान सांगतलं."

खुशी अन् तिच्यासंगतचे पाच पोट्टे सकाळीच त्या वाटेनं आले होते. खुशी तं चालता चालता हातातली काडी तारेवर वाजवत येते, मी सवता पाहिलं होतं.

सुट्टीत मॅडम चुलीपाशी आली अन् पाटावर बसली. तांदूळ निवडलेला होता तरी ताट मांडीवर घेतलं.

"शकुनताई, खरं असन?"

"लेकराले खोटं सुचन का असं?"

"मी पोलिसात सांगतलं, लाइनवाल्यांले सांगतलं, तं तो इचारीन कोनं सांगतलं. घरात दोनच मानसं हायेत, त्याची म्हातारी माय अन् ही." ती ताटात बोटं फिरवत राहिली. "अन् नाई सांगतलं तं एखादं लेकरू मरन. मले भेव लागून राहिलं, ताई."

मी म्हटलं, "तुमी चूप राहा. आमच्या सात घरांचे पोट्टे मी थांबवते, तार-बिर काई बोलत नाई." अन् मी काय अक्कल चालवली पाहा. त्यायले सांगतलं का धुऱ्यावर घोणस निंघाली, एवढी मोठी, उद्यापासून डांबरी रस्त्यानं या. सापाचं नाव घेतलं का पोट्टे भेतीन असं मले वाटलं.

दुपारी कापूस येचाले गेली. ओटीत कापूस पडे नाई, बोंडाची टोकं बोटात घुसत अन् मले कळे नाई. संगतच्या बाया इचारत, "काय वो शकुन, आज लय चूप?" मी म्हने, "डोकं दुखून राहिलं." दिवस मावळेपर्यंत माह्या नजरेसमोर ती काडीच होती, तारेवर वाजणारी.

घरी आल्यावर देवरावले सांगतलं. हेच चुकलं माहं. भिंतीबाहेर जाऊ द्याचं नव्हतं, पन नवऱ्याले सांगनं म्हनजे भिंतीबाहेर जानं थोडीच, असं वाटलं मले.

तो पाय धूत होता. वर पाहिलंच नाई त्यानं. "मले माहीत हाय," म्हने.

"काय माहीत हाय?"

"तार मीच ओढली. करंट खुटीत उतरू नये म्हनून पाइपाचे तुकडे मीच लावले खुट्यांले. मोटरच्या पेटीतून वायर मीच आनली. भाऊनं सांगतलं, कोनाजोळ बोलू नको."

मी त्याच्याकडं पाहतच राहिली. बारा वर्सं झाली लग्नाले. "तुही पोट्टी रोज जाते ना रे त्या वाटेनं."

"दिवसा तार मेलेली असते. वावराची लाइन रात्रीची हाय या हप्त्यात. रात्री येते, सकाळी सहाले जाते. पोट्टे जातात दहाले. मले काय येडं समजलीस?" तो चिडला, पन त्याचा आवाज खालीच होता. "काम सोडून घरी बसू का मंग? कोन बोलावते मले दुसरं?"

मी भाकर थापत राहिली. खुशी दोघांच्या मधी बसून जेवत होती अन् एकदा माह्याकडं, एकदा बापाकडं पाहत होती. त्या दिवशी आमच्या घरात कोनी धड जेवलं नाई.

सकाळी मी चूल पेटवाले लवकर निंघाली. घरकुलाच्या मागं येते तं काय, चार पोट्टे हातात काठ्या घेऊन नाल्यात उतरलेले. माही खुशी सगळ्यात पुढं. घोणस माराले निंघाली होती फौज. मले हसू याचं का रडू तेच समजेना. धावत जाऊन एकेकाले बखोट धरून वर ओढलं, खुशीले दोन रट्टे दिले, अन् मंग मीच धुऱ्याच्या या टोकाले खाली बसली. तिथून तार दिसत होती. दवानं भिजून चमकत होती अन् तिच्यावर एक कोळी जाळं विनत होता.

शाळेत आली तं रागिणी नव्हती.

मॅडमनं हजेरी घेतली. रागिणीचं नाव घेतलं, थांबली, रिकाम्या जागेकडं पाहिलं अन् पुढं गेली. हजेरी झाल्यावर पोट्ट्यांले पाढे लिहाले लावले अन् बाहेर आली.

"कोनाले सांगतलं होतं, ताई?"

खोटं बोलाचं मनात आलं होतं. नाई बोलली. "नवऱ्याले."

तिनं डोळे मिटले. रागावली नाई, तेच मले जास्त लागलं. रागावली असती तं बरं झालं असतं.

दुपारी खिचडी वाढून झाली अन् देवराव शाळेच्या फाटकाशी दिसला. हा कधी शाळेकडं फिरकत नाई. मले बाजूले घेऊन म्हने, "माह्यानं राहवलं नाई. सकाळी भाऊले म्हटलं, तार काढून टाका, शाळेत पोट्टे बोलून राहिले. त्यानं मले काईच म्हटलं नाई. चूप घरी गेला अन् पोट्टीले हाताले धरून वावरात घेऊन आला. मोटरच्या खोलीपाशी बसवून ठेवलं तिले. मारलं नाई अजून. पन शकुन, तो बोलून नाई राहिला. त्याची बायको गेली त्या दिवशीही तो असाच चूप होता."

मॅडमच्या कानावर सारं गेलं होतं. तिनं पोट्टे दुसऱ्या वर्गाच्या सरांकडं बसवले, पर्स घेतली अन् म्हने, "चला."

मी म्हटलं, "मॅडम, तो मानूस बरा नाई."

"म्हनूनच चला."

आधी त्याच्या घरी गेलो. मॅडम म्हने, सरळ वावरात गेलो तं त्याले वाटन पोट्टीले सोडवाले आलो, घरभेटीले आलो असं वाटू दे. श्यामभाऊची माय लीलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मॅडमले खुर्ची दिली, मले खाली पोतं. चहा केला. घरातल्यांच्या कपबश्या फडताळात होत्या, आमाले कागदी कप आनले, कोन्या लग्नातले उरलेले. त्यातल्या एकाचं बूड ओलं झालं होतं, चहा मॅडमच्या साडीवर गळे. तिनं कप खालून तळहातानं धरला अन् सारा चहा पेली. मी माहा कप तसाच ठेवला.

"रागिणी आज आली नाई, म्हनून आली," मॅडम म्हने.

लीलाबाईनं शेंग सोलली, दाने टोपल्यात टाकले. "बापानं नेली वावरात. शाळेत घरच्या गोष्टी सांगते म्हने ती." मंग मॅडमकडं न पाहताच म्हने, "चार घास खाते बिचारी, बोलत नाई, कोनाले तरास नाई. कायले बोलतं केलं तिले? मी तं कधीच म्हटलं, चूप राहते तेच बरं हाय या घरात."

मॅडम उठली. "आजी, मी वावरातूनच जाते."

म्हातारी दारापर्यंत आली. हळूच मले म्हने, "लवकर जा वो बाई."

आमी चाललो. मॅडमच्या चपला मातीत रुतत होत्या, काळी माती अजून ओलीच होती. ती वाटेनं बोलत होती, माह्याशी का सवताशी कोन जाने. "मी सांगन, मीच पाहिलं. जाता येता मले दिसलं. तिचं नावच काढाचं नाई." मी हूं हूं करत होती.

मोटरच्या खोलीपाशी तिघंही होते. देवराव आमच्या आधीच धुऱ्यानं येऊन तुरीपाशी उभा होता. श्यामभाऊ तारेच्या या अंगानं कुदळीनं खुटीचा खड्डा बुजवत होता. खोलीच्या उंबऱ्यावर रागिणी, दोन्ही हात गुडघ्याभोवती. आमाले पाहून ती हलली नाई. मॅडमकडं पाहिलं अन् नजर खाली घातली.

"या मॅडम," श्यामभाऊ म्हने. कुदळ खाली ठेवली, हात झाडले. उंच मानूस, बोलनं एकदम गोड. "आमच्या वावरात शाळा भरवता का आज?"

"तारेबद्दल बोलाचं होतं," मॅडम म्हने. "मी जाता येता पाहिली. करंट हाय तिच्यात. पोट्टे जातात इथून."

"तुमी पाहिलं."

"हो."

"कनेक्शन कुठून हाय मंग? सांगा. तुमी पाहिलं ना."

मॅडमले काय ठाऊक पेटी अन् खोली. श्यामभाऊ हसला अन् मान वळवून रागिणीकडं पाहू लागला. नुसता पाहत राहिला. पोट्टीनं गुडघे आनखी जवळ घेतले, अन् उंबऱ्याच्या दगडावर तिच्या खाली ओल पसरत गेली. मले दिसलं. मॅडमलेही दिसलं.

"तिच्याकडं नका पाहू," मॅडम म्हने. "माह्याकडं पाहून बोला."

"तुमी माह्या घरात काड्या करता, अन् मी माह्या पोट्टीकडं पाहू नको?" त्याचा गोडवा गेला. "घरात काय शिजते, कोन कोनाले काय म्हनते, पोट्ट्यायकडून काढून घेता. साऱ्या गावाले सांगन मी. उद्या एक पोट्टं ठेवनार नाई तुमच्या शाळेत कोनी. करंट म्हने. हे डुकराले भेव दाखवाले हाय. दिवसा तार मेलेली राहते. इचारा याले."

देवरावनं मान हलवली. "दिवसाची लाइन नाई, मॅडम."

"मंग लावा हात," श्यामभाऊ म्हने. "लावा ना. तुमाले एवढी काळजी हाय पोट्ट्यांची. हात लावा, काई होत नाई हे सवता पाहा, अन् माफी मागा. मंग मी पोट्टीले बोट लावत नाई. नाई लावला, तं ती घरी आल्यावर माहं मी पाहतो."

मॅडम जागची हलली नाई. मले वाटलं आता ही रडन, नाई तं परत फिरन. कोनीही फिरलं असतं. ती रागिणीकडं पाहत होती, अन् रागिणी जमिनीकडं.

"बोट लावनार नाई म्हनता?"

"नाई लावनार."

"इतक्या जनांसमोर म्हटलं हाय तुमी."

"म्हटलं ना एकदा."

देवराव म्हने, "लावा मॅडम, काई नाई होत, मीच बांधली तार." माह्या नवऱ्यानं म्हटलं हे. तिले धीर द्याले म्हटलं. मी मात्र तिचा पदर धरला, "नका वो मॅडम," म्हटलं, तिनं तो हळूच सोडवून घेतला. चार पावलं टाकून तारेपाशी गेली. ओल्या मातीत उभी राहिली अन् उजवा हात पुढं केला. बोटं तारेपासून वीतभर राहिली असतीन.

"मॅडम, लाइन हाय."

मोठ्यानं आला आवाज. असा आवाज त्या पोट्टीत असन हे कोनालेच ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली होती अन् खोलीच्या आत बोट दाखवत होती.

मॅडमनं हात मागं घेतला तो छातीशीच धरला. श्यामभाऊ म्हने, "खोटं बोलून राहिली. दिवसाची लाइन कुठली." अन् तो सवता तारेकडं वळला, दाखवाले. देवरावनं त्याचा दंड धरला. आजपर्यंत मालकाच्या अंगाले हात लावला नव्हता त्यानं. "थांबा भाऊ," म्हने. खिशातून टेस्टर काढलं, वाकून तारेले टेकवलं.

त्याच्या मुठीत तो बारका दिवा लागला.

मी खोलीत डोकावून पाहिलं. अंधारात पेटीवरचा लाल दिवा पेटलेला. मागून कळलं, रात्री लाइन गेली होती, म्हनून लाइनवाल्यांनी तिच्या बदल्यात दिवसा सोडली होती, न सांगता. मोटर बंद होती, म्हनून आवाज नाई, काई नाई. बारा वाजल्यापासून ती तार जित्ती होती. अन् हा मानूस तिच्या बाजूनं, अंगाले लागन इतक्या जवळून, कुदळ घेऊन फिरत होता. खुशी शाळा सुटल्यावर याच वाटेनं येनार होती. मी खोलीच्या भिंतीले टेकली.

देवराव आत गेला, खटका पाडला, लाल दिवा इझला. पक्कड घेतली अन् पेटीतून वायर तोडली. तोडता तोडता तो रडत होता. मी बारा वर्सांत त्याले रडताना पाहिलं नव्हतं, मायच्या मयतीलेही नाई.

श्यामभाऊ तसाच उभा होता. तोंडावर रगत नव्हतं. त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं, तारेकडं पाहिलं. मंग रागिणीकडं.

"तुले केव्हापासून माहीत होतं?"

"बारापासून," ती म्हने.

"दुपारपासून मी इथंच हाव. दहा खेपा तारेले खेटून गेलो. तुले दिवा दिसून राहिला होता." त्याचा आवाज फाटत होता. "मॅडमले सांगतलं. मले काहून नाई सांगतलं?"

पोट्टीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम काईच म्हने नाई. नजर हलवली नाई अन् मानही डोलावली नाई, वर्गात थांबते तशी थांबली.

"तुमचं भेव लागते, बाबा," रागिणी म्हने. "मले वाटलं, बोलली का माराल."

मानूस ओरडन, धावून जाईन, म्हनून मी अन् देवराव दोघंही मधी सरकलो होतो. पन तो ओरडला नाई. मॅडमकडं वळून अगदी हळू आवाजात म्हने, "अजून काय सांगते ती, माह्याबद्दल?" मले त्याच्या डोळ्यात दिसलं, आता त्याले भेव लागून राहिलं होतं. करंटचं नाई, त्या पोट्टीचं.

"तिलेच इचारा," मॅडम म्हने. "पन बसून इचारा. तुमी लय उंच हाय."

तो त्या चिखलात खाली बसला. पांढरा पायजमा, लगेच भिजला. रागिणी मॅडमच्या मागं जाऊन उभी राहिली अन् तिथूनच त्याच्याकडं पाहत राहिली. पुढं आली नाई. त्यानंही हाक मारली नाई. मले त्या मानसाचा अजूनही संताप येत होता, अन् कीवही येत होती, दोन्ही एकाच येळी.

देवरावनं तार गुंडाळाले सुरुवात केली. मी त्याच्यासंग खुट्या उपटू लागली. दिवस कलला, तिकडं शाळा सुटली असन, पोट्टे आता येतीन म्हनून आमी भराभर हात चालवत होतो. ते तिघं तसेच होते. तो खाली बसलेला, मॅडम उभी, अन् तिच्या साडीची चुन्नट मुठीत धरून रागिणी.